जुन्या कन्व्हर्टिबलमधली ठिसूळ पॅनेलं न मोडता कशी काढायची

गाडीच्या आतलं पॅनेल सुटतं तेव्हा ‘टप्’ असा बसका आवाज येतो. मोडतं तेव्हा ‘कट्’ असा कोरडा. पहिल्यांदा हे काम करणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात आणि दोन्हींना तो सारखाच दचकतो. चार-सहा पॅनेलं काढून झाली की कान तयार होतो. तोवर एवढं धरून चाला: पॅनेल येत नसेल तर त्याला अजून कुठेतरी कशाने तरी धरलेलं आहे. जोर वाढवायचा नाही, ती जागा शोधायची. माझ्या हातून आजवर जेवढी पॅनेलं मोडली, त्यातल्या बहुतेकांना एक-एक स्क्रू शिल्लक होता. तो मला मोडल्यानंतर दिसला.

एवढं ठिसूळ होतं कशाने

बंद टपाच्या गाडीपेक्षा उघड्या टपाच्या गाडीचं आतलं अंग लवकर म्हातारं होतं. ऊन थेट पडतं, कधीतरी टप उघडा राहून पाऊस आत येतो, आणि कापडी टपाच्या कडांतून दमट हवा तर कायमच शिरत असते.

कडक प्लॅस्टिकची बरीचशी पॅनेलं एबीएस नावाच्या प्लॅस्टिकची असतात. एबीएसला चिवटपणा मिळतो तो त्यात मिसळलेल्या रबराच्या सूक्ष्म कणांमुळे. ऊन आणि हवेतला ऑक्सिजन मिळून आधी नेमकं हे रबरच खातात. त्यामुळे वरचा पातळ थर काचेसारखा कडक होतो आणि त्यात पडलेला तडा आतल्या बऱ्या प्लॅस्टिकमध्येही पळत जातो. म्हणूनच पॅनेल दिसायला धडधाकट असतं आणि बोटभर वाकवलं की फुटतं.

व्हिनाइलचं दुखणं वेगळं. ते मऊ राहावं म्हणून त्यात घातलेलं द्रव्य वर्षानुवर्षं उडून जात असतं. समोरच्या काचेला आतून जो चिकट धुरकट थर बसतो, त्यात याचाही वाटा असतो. द्रव्य गेलं की व्हिनाइल कडक होतं आणि आक्रसतं. काढलेलं पॅनेल परत बसवताना कडेला काही मिलिमीटर कमी पडताना दिसलं तर गोंधळून जाऊ नका, आपण काही चुकीचं बसवत नसतो.

तिसरा प्रकार हार्डबोर्डचा. १९६२ ते १९८० या काळात बनलेल्या एमजी बी सारख्या गाड्यांत दारांची पॅडं म्हणजे व्हिनाइल चढवलेला हार्डबोर्डच. पाणी लागलं की त्याची खालची कड फुगते, पदर सुटतात आणि क्लिपांची भोकं फाटतात. ओला हार्डबोर्ड कधीही ओढू नका. गाडी कोरड्या जागी, दारं उघडी ठेवून दोन-तीन दिवस राहू द्या. प्लॅस्टिकला ऊब लागते, हार्डबोर्डला कोरडेपणा. हा फरक लक्षात ठेवला तरी बरंच नुकसान टळतं.

पहिलं पॅनेल धरण्याआधी

बॅटरी सोडायची हे सगळ्यांना माहीत असतं. ती सोडण्याआधी काय करायचं, तिथे नवखे फसतात.

बहुतेक कन्व्हर्टिबलच्या दारांच्या काचांना चौकट नसते. काही गाड्यांत दार उघडताना काच आपोआप बोटभर खाली सरकते आणि दार बंद झालं की वर जाऊन टपाच्या रबरात बसते. बॅटरी सोडल्यावर हे होत नाही, आणि दार ओढलं की काच रबरात अडकते. म्हणून आधी काचा खाली घ्या, मग बॅटरी सोडा. बॅटरी डिकीत असेल (१९८९ सालच्या पहिल्या पिढीच्या मॅझ्दा एमएक्स-५ मध्ये ती तिथेच आहे) आणि डिकीचं कुलूप विजेवर चालत असेल, तर डिकी बंद करू नका. जुना रेडिओ वीज गेल्यावर कोड मागतो. तो कुठे लिहिलाय ते आधी बघून ठेवा.

टप विजेवर किंवा हायड्रॉलिकवर चालत असेल, तर तो कुठल्या स्थितीत हवा हे बॅटरी सोडण्याआधीच ठरवा. मागच्या बाजूच्या पॅनेलांचे काही स्क्रू टप पूर्ण मिटलेला असताना झाकले जातात, काही पूर्ण लावलेला असताना. बऱ्याचदा अर्ध्यावर थांबवलेला टपच सोयीचा पडतो. पण अर्ध्यावरचा टप नुसत्या पंपाच्या भरवशावर सोडून त्याखाली हात घालायचा नाही. जाड पट्ट्याने बांधा किंवा लाकडी टेकू द्या. मागची खिडकी प्लॅस्टिकची असेल तर थंडीत टप मिटूच नका, घडीवर कायमची चीर पडते.

एअरबॅग असलेल्या गाडीत जास्त जपायला हवं. बॅटरी सोडली तरी एअरबॅगच्या यंत्रणेत काही वेळ वीज साठलेली असते. मॅन्युअलमध्ये थांबण्याचा जो वेळ दिला असेल तेवढं थांबा. मॅन्युअल हाताशी नसेल तर सरळ अर्धा तास दुसरं काही करा. पिवळ्या तारा आणि पिवळे कनेक्टर दिसले की ते बहुधा एअरबॅगचे. त्यांना मल्टिमीटर लावून बघण्याचा मोह आवरा. काही गाड्यांत मागे लपलेली रोल बारही असते, म्हणजे गाडी उलटली तर डोकं वाचवणारी दांडी. १९८९ साली आलेल्या मर्सिडीज एसएलमध्ये (आर१२९) गाडी उलटण्याची चिन्हं दिसताच ती सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात वर उसळते. एवढा वेग म्हणजे आत केवढी ताकद दाबून ठेवली असेल याचा अंदाज करा. तिच्या आसपासची पॅनेलं मॅन्युअल समोर उघडून ठेवल्याशिवाय काढू नयेत.

आता उबेबद्दल. गाडीच्या आत वीस-पंचवीस अंश तरी हवेत. त्याहून थंड असेल तर काम पुढे ढकला. एखादी कड हट्टी असेल तर हेअर ड्रायर वीतभर अंतरावरून हलवत राहून ऊब द्या. तळहाताची मागची बाजू लावून सहज ठेवता आली पाहिजे, तेवढीच. रंग काढायची हीट गन इथे नकोच. एबीएस साधारण शंभर अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि हीट गनची हवा त्याच्या कितीतरी पुढे असते. कड वितळल्यावर ‘थोडंसंच लावलं होतं’ म्हणून उपयोग नाही.

हत्यारं

फार लागत नाही. नायलॉनच्या दोन-तीन चपट्या पट्ट्या, क्लिपेच्या मानेखाली जाणारा दुबेळकी काटा, रुंद पातळ पोटीन पट्टी (टोकाला मास्किंग टेप गुंडाळून), बारीक टॉर्च, छोटा आरसा आणि चुंबकी बशी. लोखंडी स्क्रूड्रायव्हरने पॅनेल उचकटायचं नाही. त्याचं टोक एका बिंदूवर सगळा भार टाकतं आणि आपल्याला नेमकं तेच टाळायचंय.

स्क्रूड्रायव्हर योग्य निवडणं मात्र फार महत्त्वाचं. फुलीच्या खाचेचे सगळे स्क्रू एकसारखे नसतात. जपानी गाड्यांत जेआयएस (जपानी मानक) मापाचे स्क्रू असतात, त्यांच्या डोक्यावर बऱ्याचदा बारीक ठिपका असतो. त्यात साधा फिलिप्स घातला की तो खाचेतून वर निसटतो आणि खाच गुळगुळीत होते. ब्रिटिश गाड्यांत पोझिड्राइव्ह भेटतो: फुलीच्या चार हातांच्या मध्ये चार बारीक रेघा असतील तर तो तोच. खाच एकदा गुळगुळीत झाली की ठिसूळ पॅनेलवर ड्रिल चालवायची वेळ येते.

आणखी एक: क्लिपा आधीच मागवून ठेवा. जुन्या क्लिपांपैकी काही तुटणारच. त्यांचं वाईट वाटून घेऊ नका, क्लिप तुटून पॅनेल वाचलं तर सौदा चांगला झाला. घेताना भोकाचा व्यास आणि क्लिपेच्या मानेची लांबी, दोन्ही व्हर्निअरने मोजा. नुसतं ‘दिसायला तशीच आहे’ चालत नाही. मान एक मिलिमीटर लांब असली तरी पॅनेल खडखडतं.

लपलेले स्क्रू

कारखान्यात स्क्रू लपवायच्या जागा ठरलेल्या असतात. गोल किंवा चौकोनी प्लॅस्टिकच्या टोपीखाली. अ‍ॅशट्रेच्या मागे. दाराच्या खिशातल्या रबरी मॅटच्या तळाशी. हात घालून ओढायच्या वाटीच्या आत, खालच्या बाजूला, जिथे फक्त आरशात दिसतं. दाराच्या दिव्यामागे. आतल्या हँडलच्या सजावटीच्या चौकटीखाली. दाराभोवतीच्या रबरी पट्टीची कड उलटून पाहिली की तिच्या आड. टपाच्या आकड्याच्या मुळाशी.

पॅनेलवरून बोटं दाबत फिरवा. जिथे क्लिप आहे तिथे ते घट्ट लागतं, मध्ये लवतं. सापडलेल्या प्रत्येक जागी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवा. दहा मिनिटांत पॅनेलाचा नकाशा तयार होतो आणि पट्टी कुठे घालायची ते कळतं. हे सोडून देणारे लोक मी पाहिलेत. त्यांची पॅनेलंही पाहिलीत.

काढलेले स्क्रू एकाच डब्यात टाकू नका. पुठ्ठ्यावर पॅनेलची ढोबळ आकृती काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी टोचा. प्लॅस्टिकमध्ये जाणारा आखूड स्क्रू आणि पत्र्यात जाणारा लांब स्क्रू एकमेकांच्या जागी गेले तर लांब स्क्रू पॅनेलच्या दर्शनी बाजूने बाहेर डोकावतो. फोटोही काढा, पण फोटोत स्क्रूची लांबी कळत नाही, म्हणून पुठ्ठा हवाच.

कुठून सुरू करायचं

जे पॅनेल शेवटी बसवलं गेलं ते आधी निघतं. कोणाची कड कोणाच्या वर आहे ते पाहत गेलं की क्रम आपोआप उलगडतो. सहसा उंबऱ्यावरची पट्टी आधी निघते, मग पायाजवळचं बाजूचं पॅनेल, मग दाराभोवतीचं रबर सैल होतं, मग समोरच्या काचेच्या खांबांची पॅनेलं, आणि शेवटी मागची. दारांची पॅडं या साखळीत नाहीत, ती केव्हाही काढता येतात. म्हणून शिकायला तीच घ्या.

दाराचं पॅड

काच फिरवायचं हँडल हातचं असेल तर काच पूर्ण बंद असताना ते कोणत्या दिशेला आहे याचा फोटो घ्या. हँडल एक तर मधल्या स्क्रूने बसवलेलं असतं, नाहीतर मागे दडवलेल्या घोड्याच्या नालासारख्या स्प्रिंगने. स्प्रिंगवाल्यासाठी सुती कापडाची लांब पट्टी हँडल आणि पॅड यांच्यामध्ये सरकवा आणि जोडे पुसतात तशी दोन्ही टोकांनी पुढेमागे ओढा. कापडाचा धागा स्प्रिंगच्या टोकात अडकतो आणि ती निघते. निघते म्हणजे उडते. म्हणून दुसऱ्या कुणाला तरी हात आड धरायला सांगा, किंवा दारावर जुनी चादर टाका.

नंतर हात टेकायचा दांडा, आतलं हँडल, त्याची चौकट, कुलपाची खुंटी. आतलं हँडल एखाद्या दांडीला जोडलेलं असतं आणि ती दांडी प्लॅस्टिकच्या छोट्या कुलपीत बसते. ही कुलपी आधी बाजूला फिरवायची असते, मग दांडी बाहेर येते. थेट ओढली तर कुलपी फुटते, आणि नेमकी तीच सुटी मिळायला त्रास होतो.

आता क्लिपा. खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करा, तिथे कड सहसा मोकळी असते. नायलॉनची पट्टी आत सारा आणि टॉर्चने पहिली क्लिप शोधा. पट्टी किंवा काटा क्लिपेच्या अगदी शेजारी, मानेला लागेल असा आणा आणि तिथेच उचला. दोन क्लिपांच्या मध्ये उचललं की सगळा भार पॅडवर येतो. हार्डबोर्ड असेल तर क्लिप दारातच राहते आणि भोकाभोवतीचा तुकडा निघून येतो. एक सुटली की पुढच्या क्लिपेकडे जा. पहिल्या तीन-चार क्लिपांना वेळ लागतो, मग पॅड स्वतःच जागा करून देतं. मोकळी झालेली बाजू हाताने धरून ठेवा, तिचं वजन शेवटच्या क्लिपांवर लोंबू देऊ नका.

वरची कड बऱ्याच गाड्यांत काचेलगतच्या फटीत आकड्यासारखी अडकवलेली असते. तिथे बाहेर ओढून काही होणार नाही. पॅड सरळ वर उचला, तळहाताचा हलका ठोका खालून दिला तरी चालतो. आणि वर उचलताना पूर्ण दूर खेचू नका, मागे स्विचच्या आणि स्पीकरच्या तारा असतात. आधी वीतभर अंतर करून आत बघा, कनेक्टरची जीभ दाबून सोडवा, तारेला धरून ओढू नका.

पॅडमागे प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला दिसेल. तो कचरा नाही. काचेलगतच्या पट्टीतून पाणी दारात नेहमीच उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर जातं. ते पॅडवर येऊ नये म्हणून हा कागद असतो. आधीच्या कुणी तो फाडून फेकला असेल तर तुमचा हार्डबोर्ड का कुजला याचं उत्तर तिथेच आहे. काळा चिकट पदार्थ धारदार पात्याने हळूहळू कापत कागद सोडवा. नवा लावायचा झाला तर जाड पॉलिथिन आणि ब्युटाइल टेप. खालची कड दाराच्या खाचेत आत जाईल अशी लावा, म्हणजे पाणी दाराच्या आतच राहतं. त्याच वेळी दाराच्या तळाची भोकं तारेने मोकळी करून घ्या.

काचेच्या खांबांची पॅनेलं

आख्ख्या गाडीत सगळ्यात जास्त ऊन यांनीच खाल्लेलं असतं. मोडण्यातही यांचाच पहिला नंबर.

आधी दाराचं रबर खांबापुरतं सैल करा. टपाचा आकडा जिथे अडकतो त्या भागाचे स्क्रू, सूर्यझडपांचे स्क्रू आणि वरच्या आडव्या पट्टीचे स्क्रू काढा. आडवी पट्टी खांबाच्या पॅनेलवर चढलेली असेल तर ती आधी. मग ऊब द्या, आणि या पॅनेलसाठी खरोखर पाच मिनिटं द्या. ओढताना बोटं पॅनेलच्या मागे जितकी खोलवर जातील तितकी घाला आणि भार बोटभर रुंदीवर नव्हे, हातभर लांबीवर पसरवा. वरचं टोक आधी सुटतं. खालचं टोक डॅशबोर्डच्या कडेत खोचलेलं असतं, त्यामुळे वरचं टोक सुटल्यावर पॅनेल खांबाच्या दिशेने तिरपं वर सरकवून काढायचं. इथे बहुतेकजण आतल्या बाजूला खेचतात आणि खालची जीभ डॅशबोर्डातच राहते.

आधीच तडा गेलेला असेल तर काढण्याआधी दर्शनी बाजूने तड्यावर आडवी मास्किंग टेप लावा. तडा पुढे पळत नाही आणि तुकडा पडला तरी हरवत नाही. टेप एका दिवसाहून जास्त ठेवू नका, जुन्या व्हिनाइलचा रंग तिच्याबरोबर येतो.

मागची बाजूची पॅनेलं

यांच्याकडे सहसा सीट काढल्याशिवाय धड पोचता येत नाही. सीटचे बहुधा चारच बोल्ट असतात, ते काढण्याचा कंटाळा करू नका. वाकडं वाकून केलेल्या कामात हात घसरतो.

सीट बेल्ट या पॅनेलमधून आरपार जातो. बेल्टचा बोल्ट काढण्याआधी पट्टा थोडा बाहेर ओढून त्याला कपड्याचा चिमटा लावा, नाहीतर सगळा पट्टा आत गुंडाळला जातो. आणि बेल्टची रीळ तिरकी धरली तर कुलूप लागतं, पट्टा बाहेर येत नाही. रीळ बिघडलेली नसते, ती तशीच बनवलेली असते. सरळ धरली की सुटते. बोल्ट, वॉशर आणि बाही ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा. हा बोल्ट परत बसवताना टॉर्क पाना आणि मॅन्युअलमधला आकडाच वापरा, आणि त्याच्या जागी सापडेल तो दुसरा बोल्ट कधीही घालू नका.

इथल्या पत्र्याच्या कडा धारदार असतात. हातमोजे घाला.

मोडलंच तर

तुकडे टाकू नका, अगदी कणसुद्धा. पॅनेल उलटं करून मागे कोरलेली प्लॅस्टिकची खूण शोधा. जुन्या गाड्यांत ती नसतेही. एबीएस असेल तर त्याच प्लॅस्टिकचे निरुपयोगी तुकडे अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून दाट लापशी करतात आणि मागच्या बाजूने भरतात. दोन्ही कडा एकजीव होतात. अ‍ॅसिटोन दर्शनी बाजूला सांडला तर तिथलं टेक्श्चर गेलंच म्हणून समजा. खिडक्या उघड्या ठेवा, आसपास ठिणगी नको. पॉलिप्रॉपिलीन या दुसऱ्या प्लॅस्टिकवर अ‍ॅसिटोन चालत नाही आणि साधा गोंदही धरत नाही. त्याला मागून प्लॅस्टिक वेल्डिंग करावं लागतं. झटपट चिकटणारा सुपरग्लू तुकडा जागेवर पकडून ठेवायला बरा, पण तो स्वतः ठिसूळ असतो, म्हणून त्याच्या मागे इपॉक्सी आणि फायबरग्लासच्या जाळीचा पट्टा हवा. क्लिपेची खोबण तुटली असेल तर तिथेही हाच इलाज.

हार्डबोर्ड पार कुजला असेल तर दुरुस्तीत वेळ घालवू नका. जुनं पॅड साचा म्हणून ठेवून त्याच जाडीच्या पाणी सहन करणाऱ्या प्लायवुडचं नवं कापा आणि व्हिनाइल चढवण्याआधी कडांना वॉर्निश पाजा.

परत बसवताना

प्रत्येक क्लिप आधी पॅनेलवर बसवा, मग पॅनेल गाडीला. एकेक क्लिप तिच्या भोकासमोर आहे का ते डोळ्यांनी पाहून मगच तळहाताने थेट क्लिपेवर दाबा. मुठीने ठोकू नका.

प्लॅस्टिकमध्ये जाणारे स्क्रू घालताना आधी उलटे, घड्याळाच्या विरुद्ध दिशेने फिरवा. एका ठिकाणी बारीक ‘टिक्’ लागेल. जुन्या आट्याची सुरुवात तीच. तिथून सुलट फिरवलं की स्क्रू जुन्याच वाटेने जातो, नवा आटा कापत नाही. दोन-तीनदा नवा आटा कापला गेला की भोक ढिलं होतं आणि स्क्रू ज्यात बसतो तो प्लॅस्टिकचा छोटा खांब फुटतो. सगळे स्क्रू आधी सैल लावा, मग घट्ट करा, आणि घट्ट म्हणजे डोकं टेकेपर्यंत. त्यापुढे पाव वळसाही नको.

दाराचं पॅड बसवून झाल्यावर दार लगेच लोटू नका. दार उघडंच ठेवून त्याच्या कडेचं कुलूप स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद स्थितीत आणा आणि आतलं हँडल ओढा. सुटलं पाहिजे. मग पुन्हा बंद करा आणि बाहेरच्या हँडलनेही सोडवून पाहा. आतली दांडी कुलपीतून निसटलेली असेल आणि तसंच दार लावलं, तर ते आतून उघडत नाही; आणि बाहेरच्या हँडलची दांडीही चुकून सुटलेली असेल, तर बंद दारावरून ते पॅड न फोडता काढायची वेळ येते. हे मी एकदा केलंय. खालच्या कडेचे स्क्रू उंबऱ्याआड गेलेले होते, आणि ते पॅड मला दोन तुकड्यांतच बाहेर काढता आलं.